परसातले गवत कापण्याचे यंत्र : घेण्याआधी काय पाहावे?

(रेडिओवरील शेती कार्यक्रमातील भाषण)



आज मी आपल्याशी एका लहान यंत्राविषयी बोलणार आहे. घराभोवतीचे, परसातले आणि बांधावरचे गवत कापणारे हे यंत्र. कुणी त्याला ग्रास कटर म्हणतो, कुणी ब्रश कटर, तर कुणी नुसतेच 'मशीन'.

आता तुम्ही म्हणाल, विळा असताना या यंत्राची गरज काय? प्रश्न बरोबर आहे. पण द्रोणागिरीच्या आसपासच्या गावांकडे जरा बघा. करंजा, मुळेखंड, फुंडे, डोंगरी, पाणजे, बोकडविरा, भेंडखळ, नवघर. 1970 सालापासून नवी मुंबईसाठी इथल्या जमिनी संपादन होऊ लागल्या. 1989 साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. उरण तालुक्यात कितीतरी घरांची भाताची शेते आणि मिठागरे गेली. अनेकांकडे आता उरली आहे ती घराभोवतीची दोन-चार गुंठ्यांची वाडी, आंब्याची पाच-दहा कलमे, थोडे नारळ, कुणाचा खारीतला एखादा तुकडा, तर कुणाचा साडेबारा टक्के योजनेतला मोकळा भूखंड. घरातली तरुण मुले बंदरात, गोदामात नाहीतर पनवेल-मुंबईकडे कामाला जातात. गवत काढायला माणूस मिळत नाही. पाऊस मात्र कुणासाठी थांबत नाही. जुलैत गुडघ्याएवढे असलेले गवत गणपतीपर्यंत कमरेला लागते. त्यात फुरसे बसले तर दिसत नाही. म्हणून यंत्राचा विचार करावा लागतो आणि त्यात वावगे काही नाही.

वावगे आहे ते विचार न करता घेणे. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घ्यायचे, दुकानदाराने सर्वांत मोठे दाखवले म्हणून तेच उचलायचे, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ते पडवीत गंजत ठेवायचे. म्हणून आजच्या भाषणाचा सारा मुद्दा एवढाच आहे : आधी आपली जागा, आपले गवत आणि आपला पाऊस पाहा, मग यंत्र निवडा.

हे यंत्र काय करते, काय करत नाही

या यंत्राच्या टोकाला फिरणारी एक गोल डबी असते. तिच्यातून जाड नायलॉनची दोरी बाहेर आलेली असते. आपल्या करंजाच्या कोळी बांधवांना हे सांगायलाच नको, तो आपला तंगूसच. डबी जोराने फिरली की तंगूस ताठ होतो आणि त्याचे टोक गवत तोडते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलास नावाच्या गृहस्थांनी 1971 साली हे यंत्र प्रथम बनवले. मोटार धुण्याच्या यंत्राचे फिरणारे ब्रश पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांनी एका पत्र्याच्या डब्याला भोके पाडून त्यात मासेमारीची दोरी ओवली. झाडाच्या बुंध्याशी आणि कुंपणाच्या कडेला, जिथे चाकाचे गवतयंत्र पोचत नाही, तिथले गवत काढणे हा त्यांचा हेतू होता. आजही या यंत्राचे खरे काम तेच आहे.

हे यंत्र काय करत नाही, तेही ऐका.

एक : वैरणीसाठी याचा उपयोग नाही. विळ्याने कापलेले गवत लांब राहते, त्याची पेंढी बांधता येते. तंगूस गवताचा चुरा करतो, त्यात माती उडते आणि तंगुसाचे तुटलेले तुकडेही मिसळतात. नायलॉन गुरांच्या पोटात जाणे वाईट. गुरांना घालायचे गवत विळ्यानेच कापा. यंत्राचा चुरा आंब्याच्या, नारळाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका. मात्र त्यात तण बीवर आलेले नसावे.

दोन : हे यंत्र तण मुळासकट काढत नाही. लव्हाळा जमिनीखाली गाठी धरून असतो, हरळी काड्यांनी पसरते. वरून कापले की दोन्ही पुन्हा फुटतात. टाकळा आणि गाजरगवत यांचे मात्र बी पडण्याआधी कापले तर पुढच्या वर्षीचे तण कमी होते. गाजरगवत उपटता येण्याजोगे थोडेच असेल तर फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटणेच चांगले.

तीन : रानमोडी आणि घाणेरी यांची जून खोडे तंगुसाने तुटत नाहीत. तिथे पोलादी पाते लागते, नाहीतर आपला कोयता.

दुकानात जाण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न, जागा किती? एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब नि तेहतीस फूट रुंद. घर, अंगण आणि सिमेंटची वाट वगळून गवताची जागा खरोखर किती उरते, ते पावलांनी मोजा. पुष्कळ घरांत ती दोन गुंठ्यांच्या आतच भरते. दोन गुंठ्यांसाठी बावन्न सीसीचे इंजिन पाठीवर घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरा प्रश्न, गवत कसले? मऊ, हिरवे, गुडघ्याखालचे असेल तर लहान यंत्र पुरते. कमरेएवढे, जून, मध्ये रानमोडी माजलेली असेल तर लहान यंत्राची मोटार जळेल.

तिसरा प्रश्न आपल्या कोकणात सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही : गवत कापायचे तेव्हा ते ओले असेल की कोरडे? आपल्याकडे गवत वाढते जून ते सप्टेंबर, म्हणजे ते जेव्हा सर्वांत जास्त असते तेव्हाच सर्वांत ओले असते. उघडीप मिळते ती एखाद्या दुपारची. परदेशातल्या कोरड्या हिरवळीसाठी बनवलेले यंत्र इथे चालेलच असे नाही.

या तीन उत्तरांची चिठ्ठी करा आणि ती खिशात घालून दुकानात जा.

चार प्रकारची यंत्रे

पहिला प्रकार, वायरवर चालणारे विजेचे यंत्र. हे हलके आणि स्वस्त असते, धूर नाही, आवाज कमी. पण वायर मागे ओढत न्यावी लागते आणि ओल्या गवतात ते चालवायचे नाही. वायर चिरली, पायाखाली पाणी असले, की जिवाशी गाठ. म्हणून हे यंत्र ज्याची जागा अगदी घरालगत आहे आणि जो पावसाळा सरल्यावर, गवत सुकल्यावरच कापणार आहे, त्याच्यासाठी ठीक. घेतलेच तर घरात 30 मिलिअँपिअरचे ईएलसीबी बसवून घ्या. वायर तीन तारांची, निदान दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची, बाहेर वापरण्याच्या आवरणाची घ्या. बारीक वायर लांब नेली तर दाब कमी पडतो आणि मोटार तापते. जोड दिलेली, टेप गुंडाळलेली वायर परसात नेऊ नका.

दुसरा प्रकार, बॅटरीचे यंत्र. गेल्या काही वर्षांत ही यंत्रे चांगली सुधारली आहेत. वजन साधारण तीन-चार किलो. वायर नाही, पेट्रोल नाही, दोरी ओढून सुरू करणे नाही, त्यामुळे घरातल्या बायाबापड्यांना आणि वयस्कर माणसांनाही झेपते. पण बॅटरीचा हिशेब समजून घ्या. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास असे दोन आकडे असतात. दोन्हींचा गुणाकार केला की तिच्यात किती वीज साठते ते कळते. अठरा व्होल्ट आणि चार अँपिअर-तास म्हणजे बहात्तर वॉट-तास. यंत्र तीनशे वॉट खात असेल तर बॅटरी सुमारे पाव तास टिकेल. दाट गवतात आणखी कमी. तेव्हा 'किती व्होल्टचे?' एवढेच विचारून थांबू नका. अँपिअर-तास किती, चार्ज व्हायला वेळ किती, दुसरी बॅटरी सुटी मिळते का, आणि तिची किंमत काय, हे विचारा. बॅटरी मिळेनाशी झाली की यंत्र भंगारात गेले म्हणून समजा. नाव-गाव नसलेली, प्लॅस्टिकच्या पात्यांची फार स्वस्त यंत्रे मोबाइलवर मागवता येतात. त्यांच्या जाहिरातीतले व्होल्टचे मोठे आकडे पाहून भुलू नका. आणि बॅटरीचे यंत्र झाले म्हणून पावसात चालवायचे नाही. पाऊस थांबल्यावर, गवतावरचे पाणी निथळल्यावर चालवा, आणि यंत्राच्या पुस्तिकेत ओल्या गवताबद्दल काय लिहिले आहे तेही पाहा.

तिसरा प्रकार, पेट्रोलचे टू-स्ट्रोक इंजिन. यात ताकद जास्त आणि दुरुस्ती सोपी. ओल्या, जून गवतालाही ते दबत नाही. पण वजन सहा ते नऊ किलो, आवाज कानठळ्या बसवणारा, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागते. हे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असते. पन्नासास एक म्हटले तर एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर ऑइल, चाळिसास एक म्हटले तर 25 मिलिलिटर, आणि पंचविसास एक म्हटले तर 40 मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका. औषधाचे मापाचे झाकण वापरा. ऑइल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो.

चौथा प्रकार, पेट्रोलचे फोर-स्ट्रोक इंजिन. यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नसते, ऑइलची जागा वेगळी असते. पेट्रोल कमी खाते, धूर कमी. किंमत जास्त. दर वेळी सुरू करण्याआधी ऑइलची पातळी पाहणे आणि ठरल्या वेळी ते बदलणे एवढी शिस्त पाळायची असेल तरच घ्या.

मग कोणी काय घ्यावे? ज्यांची गवताची जागा दोन-तीन गुंठे आहे आणि जे दर पंधरा दिवसांनी गवत लहान असतानाच कापतील, त्यांना बॅटरीचे यंत्र पुरते. ज्यांची वाडी दहा-वीस गुंठे आहे, ज्यांना बांध आणि आंब्याखालचे माजलेले गवत काढायचे आहे, त्यांनी पेट्रोलचे घ्यावे. आणि ज्यांना वर्षातून दोनदाच कापायचे आहे, त्यांनी घेऊच नये. भाड्याने आणावे, नाहीतर आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावे. बचत गटानेही घेता येईल. मात्र सामाईक यंत्र एकाच माणसाच्या ताब्यात असावे, आणि तंगूस-पेट्रोल ज्याचे त्याने आणावे. नाहीतर 'सगळ्यांचे' यंत्र कुणाचेच राहत नाही.

दुकानात काय पाहावे

यंत्र पेट्रोल भरून, पट्टा अडकवून अंगावर घ्या आणि पाच मिनिटे उभे राहा. ज्याने चालवायचे आहे, त्यानेच. कंबर वाकवावी लागत असेल तर दांडा आखूड आहे. सरळ दांड्याचे यंत्र उंच माणसाला आणि कुंपणाखाली घालायला बरे. वाकड्या दांड्याचे हलके असते, पण बहुधा त्याला पोलादी पाते लावता येत नाही. जे यंत्र पात्यासाठी बनवलेले नाही, त्याला पाते कधीही लावू नका.

तंगूस किती जाडीचा लागतो ते विचारा. लहान यंत्रांना दीड-दोन मिलिमीटर, मोठ्यांना अडीच-तीन मिलिमीटर. जाड तंगूस लहान मोटारीला घातला तर मोटार तापते. होडीवरचा मासेमारीचा तंगूस घालू नका. तो या कामासाठी बनवलेला नाही. आणि लोखंडी तार, सायकलची साखळी असले प्रयोग तर मुळीच नकोत. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

डबी जमिनीवर हलके आपटली की तंगूस पुढे येतो अशी सोय बहुतेक यंत्रांत असते. ती दुकानातच चालवून पाहा. डबीत तंगूस कसा भरायचा हे दुकानदाराकडून एकदा आपल्या हाताने करून शिका. घरी आल्यावर नेमके तिथेच अडते.

शेवटी विचारा : प्लग, डबी, कार्ब्युरेटरचे पडदे, क्लच हे सुटे भाग उरणला किंवा पनवेलला मिळतात का? दुरुस्ती कोण करतो? ज्याचे भाग पनवेलच्या बाजारात नाहीत, ते यंत्र कितीही चांगले असले तरी आपल्या कामाचे नाही. पावती आणि हमीपत्र घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

अनुदानाबद्दल एक शब्द. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. आपल्याला हवे ते यंत्र यादीत आहे का आणि चालू वर्षी अनुदान किती, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारून घ्या. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पूर्वसंमतीचे पत्र हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. आणि अर्जासाठी नावावर शेतजमीन असावी लागते. ज्यांची सारी जमीन संपादनात गेली आणि नावावर सातबारा उरला नाही, त्यांनी अनुदानाच्या भरवशावर मोठे यंत्र न घेता स्वतःच्या खिशाचाच हिशेब करावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते इथे अगदी खरे.

चालवताना

या यंत्राने होणारी मोठी इजा डोळ्याची. तंगुसाच्या फटक्याने खडा, काचेचा तुकडा, खिळा उडतो. म्हणून चष्मा आधी आणि यंत्र मागून. साधा नजरेचा चष्मा नव्हे, बाजूंनीही झाकणारा. पायात गमबूट, अंगात लांब बाह्या, पेट्रोलच्या यंत्राला कानात बोळे. कापण्याआधी जागेवरून एक फेरी मारून दगड, तारा, बाटल्या उचला. काठीने गवत हलवा, म्हणजे साप-विंचू निघून जाईल. यंत्र चालू असताना पन्नास फुटांच्या आत पोर, गुरू-ढोर, माणूस कुणी नको. डबीवरचे झाकण काढून यंत्र चालवणारे पुष्कळ दिसतात, म्हणे तंगूस लांब राहतो. तंगूस लांब राहिला की इंजिनावर भार येतो, आणि दगड सरळ नडगीवर येतो. झाकण काढू नका.

पावसाळ्यानंतर खाजकुइलीच्या शेंगा तयार होतात. त्या वेलीवर यंत्र चालवले तर कूस अंगभर, डोळ्यांत जाते. अशी वेल आधी हाताने, अंग झाकून, वेगळी काढा.

आता झाडांबद्दल. हे नीट ऐका. आंब्याच्या लहान कलमाची साल कोवळी असते. तंगूस बुंध्याला दोन-चार वेळा लागला तर साल गोल सोलली जाते. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट तुटली की मुळे उपाशी राहतात आणि कलम हळूहळू वाळते. लोक म्हणतात, वाळवी लागली. वाळवी नव्हे, तंगूस लागलेला असतो. म्हणून कलमाभोवती दोन फुटांचे आळे खुरप्याने स्वच्छ ठेवा, त्यात आच्छादन घाला आणि यंत्र त्या आळ्याच्या बाहेरच थांबवा. ठिबकच्या नळ्यांनाही हेच लागू.

बांधावरचे गवत, विशेषतः खारीच्या बांधावरचे, मुळापर्यंत खरवडू नका. त्या मुळांनीच बांधाची माती धरून ठेवलेली असते. चार बोटे गवत राहू द्या. तंगूसही कमी झिजेल. आणि कापणीची वेळ साधा : एकदा जुलैत, एकदा गौरी-गणपतीच्या आधी, आणि एकदा पावसाळा सरता सरता, टाकळ्याचे बी गळण्याआधी.

निगा

काम झाल्यावर डबीत आणि झाकणाखाली अडकलेला ओला चोथा त्याच दिवशी काढा. आधी बॅटरी काढा, वायर सोडा किंवा प्लगची टोपी काढा, मगच हात घाला. आपली हवा खाडीची, खारी. पोलादी भागांवर तेलाचा हात फिरवला नाही तर महिन्यात गंज धरतो. बॅटरी पडवीत न ठेवता घरात कोरड्या जागी ठेवा.

पेट्रोलबद्दल नवी गोष्ट ध्यानात घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढते. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिले तर पाणी खाली बसते, कार्ब्युरेटर चिकटतो आणि यंत्र पुढच्या जूनला सुरू होत नाही. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मिश्रण लागेल तेवढेच, त्या-त्या वेळी करा. सुकून कडक झालेला तंगूस वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घातला तर कमी तुटतो.

थोडक्यात

1. जागा मोजा, गवत ओळखा, ओल ध्यानात घ्या.
2. लहान परसाला बॅटरी, मोठ्या वाडीला पेट्रोल, वर्षातून दोनदा लागणाऱ्याला भाड्याचे.
3. वायरचे यंत्र ओल्या गवतात नाही.
4. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ असेल तेच यंत्र.
5. अनुदान हवे तर आधी पूर्वसंमती, मग खरेदी.
6. चष्मा, गमबूट आणि झाकण यांच्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही.
7. कलमापासून दोन फूट दूर.
8. वैरण विळ्यानेच.

मंडळी, पूर्वजांची मोठी शेते गेली त्या घरांना उरलेले गुंठे-दोन गुंठे लाखमोलाचे आहेत. ते स्वच्छ राहावेत, त्यातली कलमे वाढावीत, आणि ते करताना कुणाच्या डोळ्याला, पायाला इजा होऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणे. विळ्याला मात्र धार लावून ठेवा. यंत्र आले तरी त्याचे काम संपलेले नाही.